हाफ तिकीट

कूलरच्या टाकीत पाइप सोडून
मागच्या दारी बसलो आम्ही दोघं,
विजेच्या बिलाच्या पाठीवर यादी करत.
मानेवाड्यात रात्री दहालाही भिंती तापलेल्या.

शाल्मली आता नववीत.
पुढच्या उन्हाळ्यापासून क्लास,
मग तिच्या सवडीनं आमची सुट्टी.

मी लिहिलं, समुद्र.
हिनं लिहिलं, बर्फ.
मग हप्ता आठवला आणि
दोन्हींवर रेघ मारून, चिखलदरा.

झिरो माइलच्या खांबाशी
निषादनं विचारलं होतं एकदा,
"बाबा, सगळं इथूनच मोजतात ना,
मग आपण काहून कुठंच जाऊन नाही राहिलो?"
मी त्याला संत्र्याची गोळी घेऊन दिली होती.

त्याला जूनच्या चारला बारा पूर्ण होतात.
मेमध्ये निघालो तर अजून हाफ तिकीट,
आईच्या बर्थवर मावेल,
गुडघे पोटाशी घेऊन.
हिनं हातानं हवेत मोजून पाहिलं
आणि हात तसाच राहिला थोडा वेळ.

म्हणजे समुद्र परत लिहिला.

शाल्मली पाणी प्यायला आली,
यादी वाचली, पेन मागितलं.
सगळ्यात खाली लिहिलं :
अंबाझरी. स्कूटरवर. चौघंही.
आणि गेली झोपायला.

स्कूटर तिथंच उभी होती, कव्हराखाली.
पुढं निषाद उभा, मध्ये ही पोरगी,
शेवटचं असं कधी गेलो
ते हिलाही आठवेना, मलाही.

टाकी केव्हाच भरली होती,
पाणी आमच्या चपलांपर्यंत आलं होतं.