पावतीच्या मागच्या बाजूला

एकोणीस वर्षं मला समुद्र माहीत आहे
तो चादरींमधून.
बारा खोल्या, चोवीस चादरी.
सकाळी झटकल्या की उंबऱ्यावर
मूठभर किनारा पडतो,
तो मी झाडून परत किनाऱ्यावर टाकते.
पाहुण्यांना वाटतं, वाळू आपली आपण हलते.

शेमदोए साहेबांनी रजेच्या अर्जावर सही करण्याआधी विचारलं,
"मवानाइदी, कुणाचं लग्न? की कुणी गेलं?"
म्हटलं, कुणीच नाही.
ते बराच वेळ पेन धरून बसले,
जणू या कारणाचा रकानाच छापलेला नव्हता.

म्हणून आज भांडी उरकल्यावर
धुलाईच्या पावतीच्या मागे
मी एक आठवडा लिहायला घेतलाय.
तातू शेजारी बसून मांदाझी खातेय
आणि ओळीओळीवर साखर सांडतेय.

जायचं किल्वाला. इथे पांगानीत नको.
इथे मी वाळूवर आडवी झाले
तर कुणीतरी तोंडावर पाणी मारायला धावेल.
एक बस दारेसलामपर्यंत, दुसरी तिथून दक्षिणेला.
खिडकी डाव्या हाताची, कारण समुद्र डावीकडे.
"अर्ध्या वाटेत तर तो दिसतही नाही," तातू म्हणते.
असू दे. न दिसता डावीकडेच असेल.

सोमवार: झोप.
मंगळवार: सोमवारची उरलेली झोप.
"पैसे मोजून झोपायचं?"
अगं, आपल्याकडे लोक विमानानं येऊन झोपतात.
सात नंबरमधली ती जर्मन बाई आठवते?
आठ दिवसांत पुस्तकाचं एक पान उलटलं तिनं,
आणि निघताना रडली.
अश्रूंचे डाग चहाच्या डागांपेक्षा लवकर निघतात,
मला तेव्हा एवढंच कळलं होतं.

गुरुवारी ओहोटी किती वाजता, ते मकामेला विचारायचं.
तो चंद्राकडे बघून सांगतो, आणि बहुतेकदा चुकतो.
पाणी मागे सरलं की बायका काठ्या घेऊन
खडकांत ऑक्टोपस हुडकायला जातात.
मी जाणार नाही.
मी नुसती बघणार, कमरेवर हात ठेवून,
पाहुणे आपल्याला बघतात तशी.
नाही, कमरेवर हात नकोत.
बसून.

मधला बुधवार राहिला.
तातूनं पेन ओढून तिथे "मासे" लिहिलं, मी खोडलं.
तिनं "नारळ" लिहिलं, तेही खोडलं.
त्या चौकोनात आता फक्त खाडाखोड आहे,
आणि मला तो सगळ्यात जास्त आवडायला लागलाय.

शुक्रवारी नमाज, मग सावली सरकेल तसं सरकणं.

खोली कशीही चालेल. पंखा फिरता हवा.
आणि सकाळी दार वाजवणारं कुणीतरी.
खरं सांगू, भीती तिचीच वाटते.
ती पोरगी बादली टेकवेल, बिछान्याकडे बघेल,
घट्ट मुडपलेले कोपरे, थोपटलेल्या उशा,
आणि ओळखेल: ही बाई आपल्यातलीच.
मग ती माझ्याशी बोलत बसेल
आणि मी तिला फडका पिळून देईन.

म्हणून सराव चाललाय.
उठायचं, चादर चुरगळलेली तशीच टाकायची, निघायचं.
काल दारापर्यंत पोचले.
आज कोपऱ्यावरच्या नळापर्यंत,
मग परत आले. एकच टोक सरळ केलं.
शपथेवर सांगते, एकच.

"आणि रविवारी?" तातू बोटं चाटत विचारते.
रविवारी घरी. पिशवी उलटी केली
की माझीच वाळू पडेल जमिनीवर.
ती झाडायची की दोन दिवस राहू द्यायची,
हे अजून ठरत नाहीये,
आणि कागदही संपला.
उलटून पाहिलं तर माझ्याच अक्षरात:
चादरी चोवीस. टॉवेल तीस.
अभ्रे छत्तीस, पैकी एक सापडत नाही.