ळ

सावद्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा
जायला घर नव्हतं.
वडील मालधक्क्यावर बाबू. क्वार्टर रेल्वेचं,
ते रेल्वेनंच पाडलं.
या गावाला माहेर म्हणता येत नाही,
सासर तर नाहीच.
"कुठी जानं?" रिक्षावाल्यानं विचारलं
आणि मी तोंड उघडून उभी,
पत्ता चौतीस वर्षं जुना.

"फेगड्यांचा मळा."
"मया? कोन्ता?"

इथं ळ टिकत नाही.
शाळेची शाया होते, केळीची केयी,
डोळे डोये होऊन बघतात.
काळ म्हणावं तर ऐकू येतं, काय?
आणि मला आज ते चूक वाटत नाही.

आई चिपळूणची. संध्याकाळी
भिंतीशी उभी करून म्हणून घ्यायची
कमळ, बाभळ, ओंजळ.
"त्या पोरींसारखं बोललीस तर हसतील पुढं."
हसलेच. पुण्यात, भर वर्गात,
एकदाच म्हणाले होते, "फया पुसू का?"
तेव्हापासून ळ असा घट्ट केला
जशी बाई गावाला निघताना
दोनदा कुलूप ओढून बघते.

मळ्यात तिघं होते.
प्रमिला भारंबे, आता झोपे, गुडघ्याला पट्टा.
हुरमत तडवी, जिच्या दप्तरात पुस्तकांपेक्षा
ओला हरभरा जास्त असायचा.
आणि लीलाधर, म्हणजे टोपलू,
टक्कल उन्हात, मिशी रंगवलेली.
"या, बसा. प्रवास नीट झाला ना?"
बसा!
प्लास्टिकची एकच खुर्ची, ती मला.
ते खाली, केळीच्या वाळल्या पानांवर.

मुलं कुठं असतात, शुगर किती,
पुण्यात पाणी रोज येतं का.
त्यांचे ळ इतके धुतलेले,
पाहुण्यांपुरत्या काढलेल्या पेल्यांसारखे.
आपसात हळूच, "मीठ कुठी ठुलं?"
माझ्याकडे वळून, "थोडा वेळ लागेल हं."
मीही तशीच.
सुरुवात मीच केली असेल.

पऱ्हाट्या पेटल्या.
बामणोदची वांगी, हिरवी, तान्ह्या पोराएवढी,
जाळात काळी पडत गेली.
टोपलू बडगीत मिरच्या ठेचत होता.
"मी सोलते," म्हटलं.
"अहो, राहू द्या तुम्ही."
मी साल ओढली. वांग्याच्या पोटातली वाफ
थेट बोटावर, आणि तोंडातून,
"पोयलं वं माय!"

टोपलूचा दांडका थांबला.
एक काडी तडकली.
मग हुरमत हसली, आधी नाकातून,
मग पदर तोंडात कोंबून, मग तोही सुटला.
"आता बोल्ली! बाबूची पोर आता बोल्ली!"
प्रमिलानं माझं बोट धरून
पाण्याच्या लोट्यात बुडवलं.
"उतर तठून. खाली बठ."
खुर्चीवर मग कांद्याची पात ठेवली.

बोट लोट्यातच होतं
तेव्हा ती म्हणाली, माझ्याकडे न बघता,
"वच्छी गेली तं तुले कयवलं नही.
तुहा पत्ताच नव्हता कोनाजोय."
वच्छीचं नाव दुपारभर
आम्ही चौघंही ओलांडत होतो.
"तापात एकच इचारे, आपला निकाल लागला का वं?"
"मंग?"
"मंग काय. सांगलं, लागला. सगया पास."

कुणी काही बोललं नाही.
भरीत वाढलं. कळण्याची भाकरी मोडताना
हात थरथरला तो तिखटानं,
असं मी हुरमतला सांगितलं,
तिनं ते मानलं.

निघताना टोपलूनं केळ्यांची फणी दिली,
पिशवी दिली नाही, विसरला.
बसमध्ये मांडीवर घेऊन बसले.

बोटाला फोड आलाय.
टाचणी लावू नको, म्हणाली होती प्रमिला,
आपसूक बसतो.
आज तिसरा दिवस.
भांडी घासताना तो हात मी बाजूला ठेवते.