फी

मयेच्या शाळेत दहावीची पोरं
तीन रांगांत उभी,
पुढच्यांचे हात गुडघ्यांवर,
आणि माझ्या कॅमेऱ्यात तीन अक्षरं लुकलुकत होती:
एफ, ई, ई.
बटण दाबलं तर खटका नाही,
नुसती ती तीन अक्षरं, डोळा मिचकावत.

प्रभुगावकर बाई म्हणाल्या, ऊन चढतंय.
मी म्हटलं, एकच मिनिट.
मागच्या रांगेतून कुणीतरी बोललं,
"बाय, तो फी मागता. दी गो ताका!"
अख्खी दहावी हसली.
तोच फोटो हवा होता.
शेवटी पीटीच्या सरांनी मोबाइलवर काढला
आणि पैसे मी मागितले नाहीत.

घरी बॅटरी काढली, घातली.
कार्ड बदललं.
लेन्सच्या बुडाचे सोनेरी ठिपके
पोरीच्या खोडरबरानं घासले.
सगळ्या सेटिंग पुसून कोऱ्या केल्या;
तारीख दहा वर्षं मागे गेली,
घड्याळात बारा वाजले,
एफ ई ई जागच्या जागी.
नवऱ्यानं सांगितलं म्हणून एक रात्र
उकड्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला.
त्या तांदळाची पेज कुणी जेवलं नाही.
मदत केंद्रातल्या मुलीनं विचारलं,
"लेन्स आमचीच आहे ना मॅडम?"
तुमचीच.
पण तुमच्या जन्माआधीची.

लेन्स खुशालीमामांची.
स्टुडिओ विकत घेतला तेव्हा
निळा पडदा, दोन छत्र्या
आणि प्लॅस्टिकच्या गुलाबासोबत आलेली.
खाणी जोरात होत्या तेव्हा
डिचोलीत मामांनी माणसांपेक्षा टिपर जास्त काढले.
बोनेटवर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू,
बाजूला मालक, दारावर हात,
नव्या नवरीच्या खांद्यावर ठेवावा तसा
बिचकत.
हप्ता किती, ते फोटोत येत नाही.

शुक्रवारी म्हापसा.
शिंप्याच्या डोक्यावरच्या खोलीत मिंगेल,
डोळ्याचं भिंग न काढता: "कितें म्हणटा?"
"फी मागता."
त्यानं लेन्सची कडी फिरवली,
बोट मध्येच थांबलं.
"बावीसाचेर बसना गो ती. हांगा पळय."
जुन्या लेन्सची कडी
शेवटच्या नारिंगी आकड्यावर नेऊन
कुलूप लावायचं असतं,
तरच नवा कॅमेरा तिच्याशी बोलतो.
कुलूप लागत नव्हतं.

तीन बारीक स्क्रू. पांढरा कागद.
सुई फिरली आणि कागदावर पडली
चिमूटभर धूळ.
तांबडी, जड, चमचमती.
माझ्या काळातली नव्हे. मी आले तेव्हापासून
टिपर वाड्यावाड्यांवर उभेच आहेत,
आमच्या शेजारच्याच्या हौद्यात
कारल्याचा वेल चढलाय.

फुंकर मारायला मिंगेलनं गाल फुगवले.
मी म्हटलं, थांब.
का म्हटलं, अजून सांगता येत नाही.
तो थांबला.
मग मीच शिंकले.

हमी नाही, म्हणाला, खाच झिजलीय.
बावीसवर काळी चिकटपट्टी लाव.
शंभर घेतले. पट्टीचा तुकडा फुकट.

ती पट्टी मेच्या घामात सुटते.
काल गुरुदास मळीक आले,
पासपोर्टचा फोटो, मुलाकडे लेस्टरला जायचंय.
त्यांचा टिपरसोबतचा फोटो
माझ्या भिंतीवर अजून आहे, डावीकडून चौथा.
त्यांनी पाहिला नाही. किंवा पाहिला.
चष्मा काढा, म्हटलं. कान दिसू देत.
बटण दाबलं.
एफ, ई, ई.
"कितें जालें?" त्यांनी विचारलं, मान न हलवता.
काही नाही, म्हटलं,
आणि अंगठ्यानं कडी
बावीसवर दाबून धरली.