बारा पूर्णांक चार

दर्यापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात
पाण्याचं उत्तर बारा पूर्णांक चार आहे.
दहा वर्षांची जर्नल्स चाळली मी:
कव्हरं बदलली, अक्षरं बदलली,
बारा पूर्णांक चार तेच.
आधी उत्तर, मग त्याला शोभतील अशी रीडिंगं.
परीक्षेच्या दिवशी देवमनभाऊ
ट्रे ठेवता ठेवता पुटपुटतात, बारा चार, बारा चार,
मांडवात अक्षता वाटत फिरल्यासारखे.
मीही असाच पास झालो.
आता तासाच्या हिशेबानं पगार घेतो
आणि फळ्यावर लिहितो, दुष्फेन पाणी,
जो शब्द या तालुक्यात कुणी बोलत नाही.
इथं म्हणतात, खारं.

त्या मंगळवारी का कोण जाणे
तयार नमुना बेसिनमध्ये ओतला.
म्हटलं, उद्या आपापल्या घरचं आणा.

टेबलावर थंड्याच्या बाटल्या आल्या,
एक तांब्या, तोंडाला पन्नी आणि रबर,
एक बाटली फवारणीच्या औषधाची,
ती मी बाहेर ठेवायला लावली.
लाईट नव्हती. बफरचा अमोनिया
डोळ्यांत गेला तशी पोरं खिदळली.

आचल खंडारेचा रंग पलटेना.
वीस गेले. पस्तीस. पन्नास.
टेफ्लॉन गुंडाळलेली गळकी ब्युरेट
तिनं दुसऱ्यांदा भरली.
लाल ते लालच.
"सर, माह्यं चुकलं काय?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी,
जिभेवर बारा चार आलंच होतं.
गिळलं.
विचारलं, घरी काय होतं या पाण्यानं?
"दाय शिजत नाई, सर.
साबणाले फेस नाई येत.
बाबा म्हणते, साबणच बोगस आहे."

पुढं मी काही शिकवलं नाही.
खरं तर मलाच सुचत नव्हतं.
तिनंच दहा मिली घेतलं,
बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड चाळीस टाकलं,
पाहुणे वाढले की ताकात पाणी टाकावं
इतक्या सहज.
थेंब.
थेंब.
आणि एका थेंबाला निळं.

बारा सात. मग बारा सहा. मग पुन्हा बारा सात.
देवमनभाऊ लांबून म्हणाले, "जवळच आली पोरगी."
"पाचनं गुणा लागते, भाऊ," ती वर न पाहता.

गुणाकार झाल्यावर मात्र गप्प झाली.
आकड्याकडे पाहिलं,
बाटलीत उरलेल्या पाण्याकडे पाहिलं.
"आमी हेच पेतो, सर."

हे सिलॅबसच्या कोणत्या युनिटमध्ये येतं
मी अजून शोधतो आहे.

मार्चमध्ये बाहेरचे परीक्षक आले,
जर्नल उघडून म्हणाले,
एकाचं एकाशी जुळत नाही हो,
स्टँडर्ड व्हॅल्यू काय तुमची?
मी विचारलं, कोणत्या गावची?

त्यांनी चष्मा काढला.
देवमनभाऊ काही न पुटपुटता
चहा सांगायला गेले.