इतिवृत्तात न आलेलं

मिरज, फेब्रुवारी सत्तर. हजर एकोणीस.
अध्यक्ष कोण, यावरच अर्धा तास गेला.
विषय एकच : दोन्ही मंडळ्या एक व्हायच्या की नाही.
मी चिटणीस. पेन गळका,
म्हणून वहीत कमी उतरलं, बोटांवर जास्त.

दवाखान्याकडचे म्हणाले, बाप्तिस्मा तान्ह्यालाही चालतो.
स्टेशनामागचे म्हणाले, आधी समज, मग पाणी,
आणि पाणी बुडण्याएवढं, शिंपडण्याएवढं नव्हे.
मग प्याला एकच की छोटे छोटे,
भाकर खमिराची की बिनखमिराची,
मग कुणाच्या आज्यानं कुणाला विहिरीवर काय म्हटलं होतं.

हनोख उमाप मास्तर उठले.
साठी उलटल्यावर ग्रीक शिकलेला माणूस,
कंदिलाशी, एका बोटानं ओळ धरून.
म्हणाले, साडेचारशे वर्षांपूर्वी
काही पंडितांनी जुन्या पोथ्या ताडून पाहिल्या.
लोक वाचत आले होते : प्रायश्चित्त करा.
मुळात निघालं : मन फिरवा.
एका शब्दानं युरोप हलला.

"हलला कुठला, फुटला," शमुवेल वडील.
"फुटला. पण त्यातलेच काहीजण म्हणत राहिले :
मुळात स्पष्ट आहे तेवढं घट्ट धरा,
बाकीच्यापायी भाऊ तोडू नका.
दोन्हीकडच्यांनी त्यांना भित्रे ठरवलं."

मग खिडकीतून यार्डाकडे बोट.
मोठ्या गाडीच्या डब्यातून छोट्या गाडीच्या डब्यात
ज्वारी चढत होती.
"रूळ रुंद असोत की अरुंद. पोतं तेच."

कुणीतरी आमेन म्हणालं.
मी ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून लाजर वायदंडे,
पाळी संपवून थेट आलेला, बिल्ला अजून दंडावर :
"पोतं त्येच असतंय मास्तर.
पाठ माझी असत्या."

मास्तर बसले.
चष्मा पुसला, घातला, परत काढला.

वहीत आहे : चर्चा झाली. सभा तहकूब.

मंगळवारी मी पार्सल सोडवायला गेलो
तर यार्डात हनोख मास्तर,
कोट खांबाला टांगलेला,
एका पोत्याचं एक टोक धरून.
दुसऱ्या टोकाला लाजर, ओरडत होता :
"सोडा वो, कंबर जाईल!"
मास्तर सोडत नव्हते, उचलतही नव्हते धड.
ज्वारी सांडली थोडी. चिमण्या आल्या.

पुढं रूळ रुंद झाले.
मंडळ्यांचं मात्र आणखी बरंच चाललं.
त्या पानाखाली चार ओळींची जागा होती,
आणि त्या दिवशी पेनही गळत नव्हता.