अचीव्ह

कॉलेज रोडला, बेकरीच्या वर,
साडेसात ते साडेआठचा वर्ग.
खालून खारीचा वास येतो
आणि गायधनी सर फळ्यावर लिहितात: अचीव्ह.
म्हणजे, साध्य करणे.

साध्य करणे.
हे आमच्यात कोण म्हणतं?
भूमितीत असायचं, पक्ष, साध्य,
मग सिद्धता. ती मला कधी आली नाही.
आम्ही म्हणतो जमलं. उरकलं. निभलं.
सासऱ्यांच्या आजारपणातून पार पडलो.
स्कूटर आली, तीसुद्धा
जणू तीच आली, त्र्यंबक नाक्यावरून
चालत, माझ्याकडे.

मी विचारलं, सर, पुराचं पाणी
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं,
त्याला अचीव्ह म्हणायचं?
वर्ग हसला.
नाही हेमलताताई, ते रीच.
पाण्याने कुठे काही ठरवलेलं असतं!

मला हा शब्द फॉर्मसाठी हवा होता.
अंबडच्या कंपनीत, मार्चअखेर, एक रिकामी चौकट:
या वर्षी तुम्ही काय अचीव्ह केलं?
गेल्या वर्षी मी तिथे रेघ मारली.

यंदा सांगण्यासारखं आहे.
फिरदौसच्या टेबलावर रोज चाळीस स्विच नापास व्हायचे,
तिला काढायचं चाललं होतं.
ती डावखुरी. हाताची सावली कामावर पडायची.
मी दिवा डावीकडचा उजवीकडे घेतला.
आता सहा.

मग लिहा की, सर म्हणाले, आय अचीव्ह्ड.

मराठीत मला जमतं, मला येतं, मला सुचतं,
सगळं कुठून तरी माझ्यापर्यंत येतं
आणि मी दारात, पाहुण्यांची पिशवी घ्यायला.
इथे आधी मी.
आय लिहिला. खांबासारखा उभा राहिला, एकटा.
याच्या शेजारी फिरदौसला कुठे बसवू, सर?

ते नंतर बघू. आधी मोठ्याने म्हणा.
मी म्हटलं, अचीव.
व नाही, व्ह.
खालचा ओठ वरच्या दातांखाली धरा,
हलकेच,
आणि श्वास सोडा.

ओठ दातांखाली धरणं मला येतं.
बावीस वर्षं येतं.
श्वासाचं, सर म्हणाले,
घरून करून या.