कोटखोली

एका कोटाचे दोन युरो.
मफलर बाहीत कोंबा, हातमोजे खिशात घाला,
उद्या हरवले म्हणून माझ्या नावानं शंख नको.
एवढं बोलून मी बिल्ला देते.
पुढचं सगळं तेच बोलतात.

लुमिराया बँड टाम्पेरेत शेवटचा वाजला
तेव्हा अकराशे कोट होते.
खुंट्या संपल्या, मग जमिनीवर ढीग,
ओल्या लोकरीचा वास मार्च संपेतो
भिंतींनी सोडला नाही.
आज त्यांचा बेसवाला ओइवा एकटा आहे.
बाहेर उणे एकोणीस. आत एकशे बावीस कोट
आणि लहान मुलाचं एक पिवळं जाकीट.

रैमो, ट्राम चालवतो, बिल्ला सदतीस:
"नवी तबकडी ऐकलीस? निम्म्या गाण्यांत बेसच नाही.
सुतारानं दुकान थाटावं
आणि लाकूडच ठेवू नये!"
हिल्क्का, त्याची बायको, अडतीस:
"तेवीस वर्षं सिर्काच्या आवाजाखाली
जमीन धरून उभा होता माणूस.
आता बसू दे की जरा."
"बसायचे अठ्ठावीस युरो?" रैमो म्हणाला,
आणि मफलर बाहीत न कोंबता आत गेला.

ओउलूहून दोन पोरी आल्या, सात तास बसनं,
ओठांवर काळ्या सॉसेजचं तेल अजून तसंच.
लुमिराया म्हणजे कोण, त्यांना ठाऊक नाही.
मागे उभा एकजण त्यांच्याकडे बघत राहिला,
पंगतीत बसून कुणी विचारावं
लग्न कुणाचं आहे हो, तसा.
त्या माणसाकडे वही आहे.
वासाला चौथं गाणं गाळलं,
तुर्कूत पट्टी खाली घेतली,
गेल्या मंगळवारी शब्द विसरला
आणि लोकांची माफी मागितली.
"माफी," तो मला पुन्हा म्हणाला,
"सिर्कानं कधी मागितली नसती."
कौतुक होतं की तक्रार, मला कळेना.
वहीतही त्यापुढे जागा कोरीच होती.

माझं मत कुणी विचारत नाही, तरी सांगते.
या भिंतीतून फक्त खालचे स्वर येतात.
गाणारे, गिटारवाले, टाळ्या,
सगळं त्या बाजूला अडतं.
तेवीस वर्षं लुमिरायातला
मी फक्त ओइवाच ऐकला,
इथे, कोटांच्या छातीतून घुमणारा.
सिर्का कशी गाते, मला विचारू नका.

आज भिंत गप्प.
दहा मिनिटं वाट पाहिली. वीस.
मग खुर्ची लावून दार उघडं ठेवलं,
नियमात बसत नाही ते.

बारीक आवाज. नुकत्याच गोठलेल्या तळ्यावर
पाय द्यावा की नाही, तसा.
एका ओळीत अडखळला, परत मागे गेला,
तीच ओळ पुन्हा उचलली.
माफी नाही मागितली.
वहीवाल्यानं टिपलं असेल.

सुटल्यावर गर्दी नसतेच अशा वेळी.
"दोन जुनी वाजवली असती तर
काय बिघडलं असतं?" कोणीतरी.
"आवाज कमी होता." "नव्हता, तू बोलत होतास."
ओउलूच्या पोरी काहीच बोलल्या नाहीत,
एकीनं दुसरीचा कोट घातला, तशाच गेल्या.
हिल्क्काचे डोळे लाल. रैमो म्हणाला, "थंडी आहे."
आतच होतो आम्ही अजून.

शेवटी पिवळं जाकीट उरलं.
ओइवा आला, खांद्यावर झोपलेली पोर.
"बिल्ला?"
त्यानं एका हातानं खिसे चाचपले.
बिल्ल्याशिवाय देत नाही, मी म्हटलं,
आणि दिलं.
"काय म्हणत होते?"
एकशे बावीस माणसांचं काय सांगायचं उभ्या उभ्या.
"आज भिंतीतून काही आलं नाही," मी म्हटलं.
तो भिंतीकडे बघत राहिला जरा वेळ,
आतून पुसावी तशी हात फिरवून आला तिच्यावर.
मग पोरीचा लोंबता हात बाहीत घालायला लागला.
जमेना.
मी काउंटरखालून बाहेर आले,
दुसरी बाही धरली.